पाठीमागचा हात

ओयदिननं दस्तरखानावरचा अख्खा नान उचलला आणि नवऱ्यापुढे धरला. "ठेवा हात यावर," ती म्हणाली.

सोबिरचा घास तोंडातच राहिला. मर्गिलानात नानवर हात ठेवून माणूस उगाच काही बोलत नाही. भावाभावांत जमिनीवरून जुंपली, नाहीतर कुणाच्या अब्रूवर शिंतोडे उडाले, तरच ही वेळ येते. आणि इथे तर अंगणात जर्दाळूखाली साधी न्याहारी चालली होती, चहा अजून पियाल्यात वाफाळत होता.

"अगं, सकाळी सकाळी काय हे?"

"माझा एकच भाऊ आहे, आणि त्याला एकच डोळा आहे. ठेवा हात."

तिचा भाऊ इल्हम समोरच मांडी घालून बसला होता आणि खाली बघत होता. त्याचा डावा डोळा जन्मापासूनच अधू. उजेड आहे की अंधार, एवढंच त्याला त्यातून कळायचं. सगळं आयुष्य तो उजव्या डोळ्यावर खेळला होता, आणि काय खेळला होता! गेल्या पानगळीत त्या उजव्या डोळ्याचा पडदा फाटला. ताश्कंदच्या डॉक्टरीणबाईंनी तो कसाबसा चिकटवला आणि स्वच्छ शब्दांत बजावलं, "टेनिस विसरा. या डोळ्यावर एक चेंडू बसला तर पुढे मी काही करू शकणार नाही, कुणीच करू शकणार नाही. आणि डोळ्यापुढे काजळी उडायला लागली, ठिणग्या दिसल्या, की हातातलं टाकून तिथेच आडवं व्हायचं."

इल्हमनं रॅकेट माळ्यावर टाकली होती. ती खाली काढायला लावली सोबिरनं.

सोबिरला सदतिसावं लागलं होतं. एकट्यानं खेळण्याचं वय कधीच उलटलं होतं. उरली होती ती दुहेरी, आणि दुहेरीत इल्हमशिवाय त्याला कुणी विचारत नव्हतं. वसंतात त्यानं दुसरे जोडीदार घेऊन पाहिले, सगळीकडे पहिल्याच फेरीत तोंडघशी पडला. मग राष्ट्रीय संघाचे कर्णधार बोतिर-अका यांचा निरोप आला. फरगाण्याच्या स्पर्धेला ते जातीनं येणार होते. संघाला दुहेरीची जोडी हवी होती. तुम्ही दोघं अंतिम फेरीत पोचलात तर दोघांनाही घेतो, म्हणाले. आणि पुढे खेळणं सुटलं की ताश्कंदच्या अकादमीत शिकवायला माणूस लागणारच आहे.

सोबिर इल्हमकडे गेला आणि त्यानं विचारलं. आता याला विचारणं म्हणायचं का? म्हणा बापडे. बाप गेल्यावर या पोराला हाताला धरून कोर्टावर नेलं ते सोबिरनं. पहिली रॅकेट त्यानं दिली, पहिली थप्पडही त्यानंच. पुढे तो त्याच्याच बहिणीचा नवरा झाला, आणि इल्हम त्याला पोच्चा म्हणायला लागला, इथली मुलं बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात तसं. पोच्चांना 'नाही' म्हणणं इल्हमला ठाऊकच नव्हतं. सोबिरला हे पुरतं माहीत होतं. तरी त्यानं विचारलं, आणि इल्हम म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, पोच्चा."

"ठेवा हात," ओयदिन पुन्हा म्हणाली. "तो म्हणाला दिसत नाही, की त्याला नेटवरून मागे घ्याल. त्याच क्षणी. मॅच गेली खड्ड्यात."

सोबिरनं नानवर तळहात टेकला. नान अजून गरम होता. "घेईन," तो म्हणाला.

"ओपा, शपथ झाली असेल तर तो नान इकडे दे," इल्हम मोठ्या बहिणीला म्हणाला. "गार झाला तर तुझ्या नवऱ्याची शपथही गार होईल."

"दात काढू नकोस. आणि तू सांगणार कसं? तू पुढे, हे मागे. तोंडानं बोललास तर पलीकडचे ऐकतील."

मग इल्हमनं बहिणीकडे पाठ केली आणि हात कमरेमागे घेतला. एक बोट दाखवलं. "हे म्हणजे मी डावीकडे पळणार." दोन बोटं. "उजवीकडे." मूठ वळली. "हलणार नाही, इथेच थांबतो. ही खूण फक्त पोच्चांना दिसते, जगात दुसऱ्या कुणाला नाही. ते मागून 'हो' किंवा 'नाही' म्हणतात. आणि हा आता नवा." त्यानं पाचही बोटं ताणून पंजा उघडला. "दिसत नाही. मागे येतो."

"आणि हे 'नाही' म्हणाले तर?"

"पोच्चांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का?" इल्हम हसून म्हणाला. ओयदिन हसली नाही. तिनं नान मोडला आणि तिघांपुढे ठेवला.

फरगाण्यात जूनचं ऊन म्हणजे तापलेल्या तंदुरात डोकं घातल्यासारखं. पहिल्या दोन फेऱ्या त्यांनी सकाळच्या गारव्यात काढल्या आणि आरामात जिंकल्या. पंजा एकदाही उघडला नाही. सोबिरच्या मनातला काटा हळूहळू बोथट झाला. डॉक्टर लोक घाबरवतातच, त्यांचा धंदाच तो, असं त्यानं एकदा बायकोला ऐकवलंसुद्धा. मॅच बघायला ती येतच नव्हती. माझ्याच्यानं बघवणार नाही, एवढंच म्हणायची, आणि घरी पीठ मळत बसायची.

उपांत्य सामना भर दुपारी लागला. समोर येरसिन नावाचा कझाक आणि त्याचा ताडमाड जोडीदार. येरसिन डावखुरा, अंगानं आडवा, आणि परतीचा फटका असा की नेटवरच्या माणसाच्या छातीचा वेध घ्यायचा. यात वैर काही नव्हतं. नेटवरच्याला घाबरवा, मग कोर्ट मोकळं. दुहेरीत सगळेच हे करतात. सोबिरनंही उभ्या जन्मात तेच केलं होतं.

चिनारांच्या सावलीत डोक्यावर चौकोनी डोप्प्या घातलेले म्हातारे सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले होते. त्यांच्यात बोतिर-अका, मांडीवर टोपी, हातात पंखा. त्यांच्या तोंडावरची माशी हलत नव्हती.

पहिला सेट यांनी घेतला, दुसरा त्यांनी. आता दहा पॉइंटांचा निकाली टायब्रेक. बाजू बदलताना टॉवेलनं तोंड पुसत इल्हम हळूच म्हणाला, "पोच्चा, काजळी उडतेय."

सोबिरनं विचारलं, "किती?"

"थोडीच. मधेच एखादी ठिणगी."

शपथ इथेच लागू होत होती, दुसरं काय? डॉक्टरीणबाईंचा शब्दन्‌शब्द होता तो. सोबिरनं हात वर करून पंचांना सांगायला हवं होतं, आणि पुढे जे व्हायचं ते झालं असतं: हार, हळहळ, संध्याकाळी घरचा चहा. त्यानं चिनारांखाली नजर टाकली. बोतिर-अकांचा पंखा थांबला होता, ते टक लावून बघत होते.

"लागलं तर पंजा दाखव," सोबिर म्हणाला. "मी आहे ना मागे."

"तुम्ही म्हणाल तसं."

पुढच्याच सर्व्हिसला इल्हमनं पंजा उघडला. सोबिर "हो" म्हणाला. इल्हम मागे आला, दोघं शेजारी शेजारी उभे राहिले, आणि येरसिननं चेंडू नेटपलीकडे असा अलगद टाकला की धावूनही कुणी पोचलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा पंजा, पुन्हा "हो", पुन्हा तोच अलगद चेंडू. पॉइंट गेला.

"अरे, दोघंही मागे काय करताय?" सावलीतून एक म्हातारा ओरडला. "भिंतीला टेकून झोपायचंय का?"

सगळे हसले. बोतिर-अका हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि पंखा पुन्हा सुरू केला. त्या मान हलवण्यानं सोबिरच्या अंगाची लाही लाही झाली. आयुष्यभर चेंडूमागे धावलो, आणि हे असं संपणार? दोघं मागे राहिले की पॉइंट जातो, हे शेंबडं पोरही सांगेल. तो इल्हमवर मनातल्या मनात चिडला, आणि चिडल्याची लाज वाटली म्हणून आणखी चिडला.

मग नशीब फिरलं. येरसिनचा जोडीदार दोनदा चुकला, सोबिरचा एक फटका रेषेला चाटून गेला. नऊ-आठ. मॅच पॉइंट, आणि सर्व्हिस सोबिरची.

मोठ्या पॉइंटला ते दोघं एक जुनी मांडणी लावायचे. इल्हम नेटजवळ, बरोबर मधल्या रेषेवर, खाली वाकून बसायचा. सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून जायची आणि मग तो खुणेप्रमाणे डावीकडे नाहीतर उजवीकडे झेप घ्यायचा. समोरच्याला कळतच नसे कुठून येणार. यात एकच पथ्य होतं, आणि नेटवर उभा राहणारा प्रत्येक जण ते पहिल्या दिवशी शिकतो: सर्व्हिस होईपर्यंत डोकं वर काढायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. मागचा माणूस तुझ्या डोक्यावरून चेंडू मारणार आहे. त्याच्यावर सोड.

इल्हम वाकला. हात कमरेमागे आला. पंजा उघडला.

"नाही," सोबिर म्हणाला.

त्याच्या तोंडून गेलं ते इतकं सहज गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आता इल्हम दुसरी खूण देईल, एक बोट, दोन बोटं, मूठ. हात तसाच राहिला. पाचही बोटं ताणलेली.

"नाही," सोबिर पुन्हा म्हणाला, या वेळी जरा जोरात, कोर्टावर लहानपणी त्याला रागवायचा त्या आवाजात. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं. सोबिरनं चेंडू दोनदा आपटला आणि वर फेकला.

इल्हम उठला आणि वळला.

का वळला? कुणी म्हणेल उन्हानं चक्कर आली. नाही. पोच्चांना 'नाही' म्हणता येत नव्हतं त्याला, हातानंसुद्धा. पुढे बघत राहावं तर काही दिसत नव्हतं. मग त्यानं तेच केलं जे तो लहानपणापासून करत आला होता: पोच्चांच्या तोंडाकडे बघितलं, की खरंच असं म्हणताय का.

सोबिरला ते तोंड दिसलं. चेंडू अजून वर होता. उडवलेला चेंडू हातात परत झेलता येतो. कुणी काही म्हणत नाही, माफ करा म्हणायचं आणि पुन्हा उडवायचा. दर मॅचला दोन-चारदा होतंच ते. सोबिरला वेळ होता. हे त्याला तेव्हाही कळलं आणि नंतर प्रत्येक दिवशी कळत राहिलं. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: थांबलो तर हा मागे येईल.

त्यानं मारला. चेंडू जाईल वरून, इतकं काय, असा काहीतरी विचार असेल. की विचारच नव्हता. इतकी सरळ आणि जोरकस सर्व्हिस त्याच्या हातून वर्षभरात झाली नव्हती.

आवाज फारसा झाला नाही. इल्हम गुडघ्यांवर बसला, जणू काही खाली पडलेलं शोधतोय, आणि दोन्ही हात उजव्या डोळ्यावर धरून तसाच वाकत गेला. रॅकेट टाकून पहिला धावला तो येरसिन. नेटवरून उडी मारून आला आणि इल्हमचं डोकं मांडीवर घेऊन ओरडायला लागला, "डॉक्टर! अरे, डॉक्टरला बोलवा कुणीतरी!" सोबिर रेषेवरच उभा होता.

स्ट्रेचरवर घालताना इल्हम बोलला, आणि सगळ्यांनी ऐकलं. "माझी चूक. मी वळलो."

झालं. तेवढं वाक्य सगळ्या गावाला पुरलं. मैदानावर, चहाखान्यात, इस्पितळाच्या फाटकाशी, जो तो तेच बोलायला लागला. नेटवरचा माणूस मागे वळतो का कधी? इतकी वर्षं खेळलेला! बिचारा सोबिर, त्याच्या जिवाला काय वाटत असेल. लोक येऊन सोबिरच्या खांद्यावर हात ठेवायचे, आणि तो मान खाली घालून उभा राहायचा. लोकांना ते दुःख वाटायचं. दुःख होतंच हो, नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्याच्या तळाशी आणखी काही होतं, आणि ते कुणाला दिसत नव्हतं. तो उघडा पंजा जगात एकाच माणसानं पाहिला होता. 'नाही' कशाला होतं, ते दोघांनाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळले. डोळा गेला, म्हणाले. आतलं काहीच उरलेलं नाही. दुसऱ्यानं उजेड कळतो ना? तेवढ्यावर समाधान मानायचं.

बोतिर-अका येऊन गेले. व्हरांड्यात सोबिरला बाजूला घेऊन म्हणाले, "जे झालं ते फार वाईट झालं. पण तू धीर सोडू नकोस. संघाचं आता विसर. अकादमीची जागा मात्र तुझीच. शरदात ये ताश्कंदला. तुझ्या घरात आता कमावतं दुसरं कोण आहे?"

सोबिरला ती जागा हवी होती. या क्षणीसुद्धा हवी होती. त्याला स्वतःची शिसारी आली, आणि तो म्हणाला, "मेहरबानी, अका."

दुपारी ओयदिन आली. तिचे डोळे रडून रडून सुजले होते, पण आवाज कोरडा होता. इल्हम खाटेच्या कडेला पाय सोडून बसला होता, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, तोंड दाराकडे. सोबिर त्याच्या मागे, खिडकीपाशी. ओयदिन भावासमोर स्टूल ओढून बसली, मांडीवरचं फडकं सोडलं. आत नुकताच भाजलेला नान होता.

"ओपा, वासावरून सांगतो, कडा जळलीये," इल्हम म्हणाला.

"जळू दे." तिनं नान दोन्ही हातांत उचलला आणि इल्हमच्या खांद्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "इकडे या. हात ठेवा यावर."

सोबिर जागचा हलला नाही.

"अख्खं गाव म्हणतंय तो वळला. मला गावाशी काही करायचं नाही. मला एवढंच सांगा, शेवटच्या पॉइंटला त्यानं काय दाखवलं होतं? बोटं? मूठ? की पंजा?"

"ओपा, मी सांगितलं ना तुला..."

"तू गप्प बस. तू यांच्यासाठी विहिरीत उडी मारशील आणि वर म्हणशील पाय घसरला. मी यांना विचारतेय." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "पंजा दाखवला असेल तर तसं सांगा. मी मारणार नाही तुम्हाला. पण मला कळू दे, मी कुणाबरोबर राहतेय."

सोबिर दोन पावलं पुढे आला आणि इल्हमच्या खांद्याशेजारून हात लांब करून नानवर टेकला. नान अजून गरम होता. खरं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. अगदी ओठांवर आलं. पंजा होता. शेवटपर्यंत पंजाच होता. मी दोनदा 'नाही' म्हणालो. इतकंच तर बोलायचं होतं.

त्यानं खाली पाहिलं. इल्हमचा उजवा हात चादरीवरून सरकत सरकत कमरेमागे आला होता. बहिणीला दिसणार नाही असा, फक्त मागच्या माणसाला दिसेल असा. बोटं एकेक करून मिटली आणि मूठ वळली. हलणार नाही, इथेच थांबतो. मूठ तशीच राहिली, मागून शब्द यायची वाट बघत, इतक्या वर्षांत प्रत्येक पॉइंटला बघितली होती तशी.

बाहेर कुणीतरी टरबुजाची गाडी ढकलत नेत होतं, तिची चाकं कुरकुरत होती.

"मूठ होती," सोबिर म्हणाला.

ओयदिननं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिची मान खाली गेली, आणि इतका वेळ ताठ असलेले खांदे सैल पडले. "मला माफ करा," ती पुटपुटली. "रात्रभर नाही नाही ते मनात येत होतं माझ्या. तुमच्यावर संशय घेतला मी."

इल्हमचा हात पुढे गेला आणि मांडीवर जाऊन पडला.

ओयदिननं तोच नान मोडला. जळकी कड स्वतःला ठेवली, एक तुकडा भावाच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं त्यावर मिटवली, आणि एक तुकडा नवऱ्यापुढे धरला.

"खा," ती म्हणाली. "कालपासून तुमच्याही पोटात काही नाही."

सोबिरनं तुकडा घेतला, आणि ती बघत होती म्हणून तो खाल्ला.